तेलाचे कूळ आणि मोहाचे झाड

'तेल' हा शब्द तिळापासून आला. 'तैल' म्हणजे तिळाचे ते. पुढे करंज, जवस, मोह, कोणत्याही बीमधून निघणाऱ्या स्निग्ध द्रवाला तेच नाव मिळाले. यवतमाळच्या सागवानी जंगलालगतच्या वस्तीत हिवाळ्यात उललेल्या टाचांना मोहाचे तेल लावले जाते, तेव्हाही आपण नकळत शेतातल्या तिळाचेच नाव घेत असतो. घरगुती त्वचारक्षणाच्या इतिहासाचा एक धागा या उसनवारीत सापडतो.

तिळाच्या तेलाला ग्रंथांचे पाठबळ आहे. वनस्पतिज स्नेहांत चरकसंहिता त्याला श्रेष्ठ ठरवते. तैलपाकाचे प्रमाणही ठरलेले आहे: कल्क एक भाग, तेल चार, द्रव सोळा. पाणी आटते आणि वनस्पतीचा गुण तेलात उतरतो. आज ज्याला 'वाहक तेल' म्हणतात, ती कल्पना हीच. मराठी गद्याच्या आरंभी, 'लीळाचरित्रा'त 'मर्दना-मादणे' हा शब्द तेल चोळून न्हाण्यासाठी येतो. दिवाळीच्या अभ्यंगात ती रीत अजून टिकून आहे.

मोहाच्या तेलाच्या वाट्याला असा मान आला नाही. चैत्रात फुले गळतात, पावसाळ्याच्या तोंडावर फळे पिकतात. या फळांना प्रदेशपरत्वे टोळ, टोळंबी, टोरी म्हणतात. बी फोडून, वाळवून घाण्यात घातली की फिकट पिवळे तेल निघते. त्यात संपृक्त स्निग्धाम्लांचा वाटा जवळजवळ निम्मा असल्याने थंडीत ते तुपासारखे थिजते. तिळाच्या तेलाचा मलम करायचा तर मेण घालावे लागते. मोहाचे तेल गार हवेत आपोआपच मलम होते.

शेजारच्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पांच्या मगनवाडीत घाण्यावर सुधारणेचे प्रयोग झाले. पुढे खादी-ग्रामोद्योगाच्या योजनांत मोहाच्या बियांची गणना साबणाला लागणाऱ्या 'अखाद्य' तेलबियांत झाली. जंगलातल्या घरांत मात्र हेच तेल स्वयंपाकातही वापरले जात असे. वनखात्याच्या भाषेत ही बी 'गौण' वनोपज. २००६च्या वनहक्क कायद्याने तिच्यावरचा मालकी हक्क वनवासींना दिला, पण विशेषण बदलले नाही. 'अखाद्य' आणि 'गौण' या दोन शब्दांनी एका स्वयंपाकघराचे आणि त्यातल्या जाणकारीचे अस्तित्व कागदावरून पुसले.

आता हेच तेल सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर वाहक तेल म्हणून मिरवते. साहित्याच्या अभ्यासकाने ही लेबले संहितेसारखी वाचायला हवीत: कोणता शब्द कुणी दिला, आणि कोणता गळला? गोंडीत तेलाला 'नी' म्हणतात. हा शब्द द्राविडी 'नेय्'च्या कुळातला, आणि त्या कुळात तूप आणि तेल हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हिवाळ्यात थिजणाऱ्या या स्नेहाला तिळाच्या नावापेक्षा तो शब्द अधिक शोभतो. आपल्या कोशांनी त्याची नोंद घ्यायला हवी.