झाडाची जखम आणि वृक्षवैद्य

वादळात मोडलेल्या झाडाचे काय करावे, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. मात्र त्याचे उत्तर देण्यासाठी प्रशिक्षित माणसाला पैसे देऊन बोलवावे, ही रीत जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. इंग्रजीत ‘आर्बोरिस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे बागाइतीचा वा जंगलाचा विचार न करता एकेका झाडाची देखभाल करणाऱ्या या वृक्षवैद्याच्या व्यवसायाचा इतिहास पाहिला, तर झाडाच्या जखमेविषयीची माणसाची समजूत कशी बदलत गेली, हेच त्यातून प्रामुख्याने दिसते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय असून, रोगट झाडाचा बिघडलेला भाग प्रथम शस्त्राने साफ करावा, त्यावर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा व दूध मिसळलेले पाणी शिंपावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. पुढे 1791 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या बागांची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम फोर्सिथ याने झाडांच्या जखमांवरील आपल्या मलमाची कृती प्रसिद्ध केली. त्यात शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख आणि नदीची वाळू हे घटक होते. या दोन उपचारांमध्ये बाराशे वर्षांचे अंतर असले, तरी माणसाच्या कातडीप्रमाणे झाडाची जखमही लेपाने भरून येते, हे गृहीतक दोहोंच्या मुळाशी सारखेच होते.

आधुनिक व्यवसायाची उभारणीही याच गृहीतकावर झाली. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात 1846 मध्ये जन्मलेला जॉन डेव्ही वयाच्या विशीपर्यंत निरक्षर होता. 1873 मध्ये तो अमेरिकेत गेला, ओहायो राज्यातील केंट या गावी स्थिरावला आणि 1901 मध्ये त्याने ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक स्वखर्चाने छापले. दंतवैद्य किडलेली दाढ कोरून भरतो, त्याप्रमाणे डेव्हीच्या पठडीतील कारागीर झाडाची ढोली खरवडून त्यात सिमेंट भरत असत. 1909 मध्ये त्याची कंपनी रीतसर स्थापन झाली. या धंद्यात भोंदूंचाही शिरकाव झाल्यामुळे कनेक्टिकट राज्याने 1919 मध्ये कायदा करून वृक्षवैद्यांना परीक्षा व परवाना आवश्यक ठरवला.

21 सप्टेंबर 1938 रोजी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रदेशावर आदळलेल्या चक्रीवादळाने मात्र निराळाच प्रश्न उभा केला. रस्त्यांवर आणि जंगलांत आडवी झालेली झाडे इतकी होती, की सरकारला त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. बेकारांसाठीच्या सरकारी योजनांतील मजुरांनी कुऱ्हाडी आणि दोघांनी ओढायच्या करवती यांच्या साहाय्याने वाटा मोकळ्या केल्या, आणि कीड व कूज लागू नये म्हणून लाकडाचे ओंडके तळ्यांमध्ये बुडवून ठेवले गेले. एकट्या माणसाला पेलणारी पेट्रोलवरची चेनसॉ, म्हणजे दातेरी साखळी फिरवून लाकूड कापणारी यांत्रिक करवत, 1950 च्या सुमारास बाजारात आली आणि वादळानंतरच्या कामाचा वेग पालटला.

याच यंत्रामुळे जुन्या गृहीतकालाही धक्का बसला. अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी चेनसॉच्या मदतीने हजारो खोडे उभी चिरून आतील कुजीचा मार्ग तपासला. जखमी पेशी झाड दुरुस्त करत नाही. ते जखमेभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारून कुजलेला भाग कोंडून टाकते व त्याबाहेर नवे लाकूड वाढवते, असे त्यांनी 1977 मध्ये मांडले. त्यानुसार लेपाने कूज थांबत नव्हती, आणि ढोली खरवडताना कारागीर झाडाने उभारलेली भिंतच फोडत होते. तेव्हापासून मोडकी फांदी कापण्याची पद्धतही बदलली: प्रथम खालून अर्धवट काप घ्यायचा, त्यापलीकडे वरून दुसरा काप देऊन फांदीचे ओझे उतरवायचे, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही, आणि अखेरीस उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळ्याला धक्का न लावता कापायचा, कारण झाडाची संरक्षक भिंत तेथेच तयार होते.

15 ऑक्टोबर 1987 च्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये आलेल्या वादळात पानांनी भरलेली झाडे पावसाने भिजलेल्या मातीतून उपटली गेली आणि सुमारे दीड कोटी झाडे पडली; एकट्या क्यू उद्यानातील सुमारे 700 झाडे त्यात गेली. त्या उद्यानात 1798 मध्ये लावलेला ‘टर्नर्स ओक’ वाऱ्याने मुळांसकट उचलला जाऊन पुन्हा आपल्याच खड्ड्यात बसला. आधीपासून खंगत चाललेला हा वृक्ष त्यानंतर काही वर्षांतच टवटवीत झाला, तेव्हा पर्यटकांच्या पावलांनी घट्ट झालेली माती वादळाने भुसभुशीत केल्यामुळे मुळांना हवा मिळाली, हे उद्यानाच्या वृक्षतज्ज्ञांच्या लक्षात आले. परिणामी, वृक्षवैद्याची नजर खोडावरून मुळांकडे वळली.

या ज्ञानाची मर्यादा कोकणाच्या किनाऱ्यावर स्पष्ट होते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोडपल्या. आंबा किंवा फणस मोडला, तरी सालीखालच्या वाढीच्या थरामुळे तो जखमेला कड धरू शकतो आणि सुप्त डोळ्यांतून पुन्हा फुटू शकतो. नारळ-पोफळीच्या खोडात मात्र असा थर नसतो आणि वाढीचा कोंब शेंड्याला एकच असतो, त्यामुळे शेंडा मोडलेल्या माडावर कोणताही उपचार चालत नाही. म्हणूनच वादळानंतर बोलावलेल्या जाणकाराचे पहिले काम करवत चालवण्याआधी सुरू होते: आडव्या पडलेल्या झाडांपैकी कोणत्या झाडात स्वतःची भिंत उभारण्याची ताकद उरली आहे, हे त्याला आधी ओळखावे लागते.