बारामतीकरांचा डाव : 1740

विषय बारामतीचा आहे, साल 1740 आहे, आणि सुरुवात मात्र आपण पत्त्यांपासून करणार आहोत. जुगाराची शिकवणी घ्यायला आम्ही आलेलो नाही. पण पोकरच्या स्पर्धेत शेवटाकडे एक वेळ अशी येते, की ती समजली तर सातारच्या दरबारातला एक जुना प्रसंग नीट उलगडतो.

या स्पर्धेत सगळे सारख्या चिप्स घेऊन बसतात. दर डावाला दोघांना पत्ते पाहण्याआधीच सक्तीची रक्कम मांडावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात, आणि ती ठरावीक वेळाने वाढत जाते. शेवटी शेवटी एखाद्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या दहापटच चिप्स उरतात. हातात दोन पत्ते आहेत, टेबलावर अजून एकही पान उघडलेलं नाही. आता 'थोडं लावू, पुढचं पुढे बघू' हे चालत नाही. थोडं लावून मागे हटलो तर उरलेल्याचा कोणाला धाकच राहत नाही. म्हणून एक तर पत्ते टाकायचे, नाहीतर होतं नव्हतं ते पुढे सारायचं. सारल्यावर जिंकायचे रस्ते दोनच. समोरचे बिचकून पत्ते टाकतात, किंवा कोणी भिडलंच तर आपली पानं सरस निघतात. कसलेला खेळाडू पहिल्या रस्त्याचा हिशेब आधी करतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. बक्षिसं क्रमांकाप्रमाणे वाटली जातात, त्यामुळे दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट बक्षीस नव्हे. दोघे भिडत असतील तर तिसरा गप्प बसतो, कारण एक जण बाद झाला की याचा क्रमांक आपोआप वर जातो. या हिशेबाची रीत 1987 मध्ये मेसन मालमुथ यांनी मांडली. पण गप्प बसणारा तिसरा गडी आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी होता.

आता साताऱ्याला जाऊ. 28 एप्रिल 1740 रोजी थोरले बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. राज्य वाढवलं, पण मागे कर्जाचा डोंगर ठेवला. थोरला मुलगा नानासाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचा. पेशवाईची वस्त्रं कोणाला द्यायची, हे ठरवणार शाहू महाराज.

बाजीरावांच्या सावकारांतलं एक मोठं नाव म्हणजे बाबूजी नाईक बारामतीकर. हे परके नव्हेत. बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली. म्हणजे घरचं नातं, आणि त्याच घराकडे थकलेलं येणं. नातं आणि उधारी एका उंबऱ्यात आली की काय होतं, हे गावाकडे कोणाला सांगायला नको.

नाईकांनी शाहू महाराजांपुढे मोठ्या रकमेचा नजराणा ठेवायची तयारी दाखवली. मागणी एकच : पेशवाई आम्हाला द्या. पाठीशी नागपूरकर रघूजी भोसले. ते तेव्हा कर्नाटकच्या मोहिमेवर होते. बाजीरावांच्या मृत्यूची बातमी कळताच फौज मागे ठेवून ते साताऱ्याकडे आले.

आता आपण विचारू : या डावात चिप्स कमी कोणाकडे होत्या? वरवर पाहिलं तर नानासाहेबांकडे. वय कोवळं, डोक्यावर बापाचं कर्ज. आम्हाला मात्र वाटतं, की खरी अडचण नाईकांची होती. त्यांची दौलत मोठी, पण त्यातला बराच भाग येण्यात अडकलेला. येणं म्हणजे हातातली रोकड नव्हे. पेशवाई भटांच्या घरात राहिली तर ते येणं वसूल करायला त्याच घराच्या दारात उभं राहावं लागणार, आणि आता तर तो ऋणको राज्याचा कारभारी. गादी रिकामी होती तेवढे दिवसच काय ते नाईकांचे. तेव्हा त्यांनी सगळं पुढे सारलं, यात अविचार नव्हता.

चूक झाली ती पहिल्या रस्त्याच्या हिशेबात. पेशव्यांचे विरोधक आपल्या बाजूला येतील, निदान नानासाहेबांची बाजू लंगडी पडेल, असा अंदाज असणार. दरबारात पेशव्यांचे जुने प्रतिस्पर्धी होते प्रतिनिधी. पण प्रतिनिधींना पेशव्यांपेक्षाही रघूजींचं वर चढणं नको होतं. ते या बेतात सामील झाले नाहीत. हाच तो गप्प बसलेला तिसरा गडी. दुसऱ्या बाजूला चिमाजीअप्पा उभे होते, आदल्याच वर्षी वसई जिंकलेले. जून 1740 च्या अखेरीस वस्त्रं नानासाहेबांना मिळाली.

नाईक हरले, पण संपले नाहीत. त्यांनी येण्याचा तगादा असा लावला, की महादोबा पुरंदऱ्यांनी खटपट करून ते कर्ज फेडलं. शेजारच्या इंदापूरशी ताडून पाहा. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची गढी तिथे आहे. तिथे पणाला डोकं होतं, आणि डोकं परत मिळत नाही. सावकाराचा पण पैशाचा होता, हरल्यावरही त्याला मागायला काहीतरी उरलं. ऑल-इन हा शब्द आपण दोन्हींना सहज लावतो. हरल्यावर काय उरेल, हे विचारल्याशिवाय तो लावू नये.

पुढे शाहू महाराजांनी कर्नाटकातल्या चौथ-सरदेशमुखीचा इजारा नाईकांच्या नावे केला. वसुली जमली नाही, तोटा अंगावर आला. 1740 चा डाव निकडीचा होता, तो समजू शकतो. हा दुसरा डाव मात्र पुन्हा बसायच्या ओढीने मांडलेला दिसतो, निदान आम्हाला तसं वाटतं.

याच नाईकांच्या आश्रयाला पन्हाळ्याहून मोरोपंत आले आणि कऱ्हेकाठी बारामतीतच राहिले. तिथे त्यांनी आर्याभारत रचलं. त्यातल्या सभापर्वात द्यूत आहेच. कथा आपल्याला पाठ आहे : धर्मराज सगळं हरतो, हरलेलं सगळं परत मिळतं, आणि तो पुन्हा बोलावल्यावर पुन्हा बसतो. वनवास त्या दुसऱ्या बैठकीमुळे येतो. नाईकांच्या वाड्यात ते प्रकरण वाचलं जात असेल, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणाला साताऱ्याची आठवण होत असेल का, हे कागदात सापडणार नाही. पण बारामतीला गेलात तर कऱ्हेच्या काठावर थोडं थांबा, आणि हा प्रश्न मनात घोळवून बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.