सांगानेरचा ठसा आणि शिकणारे यंत्र

कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाचा रोजगार हिरावून घेईल, या प्रश्नाचा विचार करताना जयपूरलगतच्या सांगानेरचा इतिहास उद्बोधक ठरतो. तेथील छिपा समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आले आहेत. बाह्यरेषेचा ठसा ‘रेख’, रंग भरण्याचा ‘दत्ता’, पार्श्वभूमीचा ‘गद’. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा आणि कापडावरून हाताची आणखी एक फेरी.

पहिला धक्का प्रयोगशाळेतून आला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मॅडर वनस्पतीच्या मुळातील अलिझारिन हे तांबडे रंगद्रव्य कृत्रिमरीत्या तयार केले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील नीळ-लागवडीचा व्यापार काही दशकांतच ओसरला. रंग पिकवणारा हटला, छापणारा मात्र टिकला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्क्रीन छपाई आली, तेव्हा पाळी छापणाऱ्याची होती. ठशाच्या अनेक आघातांचे काम जाळीची एक चौकट एकाच वेळी करू लागली. कापड स्वस्त झाले, उत्पादन वाढले, नव्या छपाईखान्यांत नवे हातही लागले. परंतु ठशाला ठसा अचूक जुळवण्याचे, वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कसब तेथे लागत नव्हते. एकूण उत्पादनाच्या आकड्यात ही हानी दिसत नाही. सरासरी वाढते, तेव्हाही वाटप विषम होऊ शकते.

२०१० मध्ये सांगानेरी हातछपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाचे आणि उगमाचे रक्षण करते. हातछपाई ओळखणारा आणि तिचे दाम मोजणारा ग्राहक जेथे मिळाला, तेथे ठसाही तगला.

आता तिसरे स्थित्यंतर समोर आहे. स्क्रीनने तयार नक्षीची नक्कल केली. असंख्य चित्रांवरून शिकलेली संगणकीय प्रणाली नवी बुटीच रचून देते. म्हणजे यंत्र आता हातापासून कल्पनेपर्यंत पोहोचले आहे. शिवाय त्याच्या शिक्षणाची सामग्री कारागिरांच्याच पिढ्यांनी घडवली आहे, आणि तिच्या मोबदल्याची तरतूद मानांकनात नाही.

म्हणून किती नोकऱ्या जातील, या हिशेबाबरोबरच कामातील कोणता टप्पा यंत्राकडे जातो आणि त्यातून वाचलेला पैसा कोणाच्या हाती पडतो, हेही तपासावे लागेल. सांगानेरमध्ये हा दुसरा हिशेब वेळेवर कोणी मांडला नव्हता.