चौलचा बंद दरवाजा आणि सुपे परगणा

सुप्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एकाच कारणाने येते. १२ मे १८७५ रोजी येथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, खतावण्या आणि कर्जरोखे जाळले आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. मला मात्र याच परगण्याशी बांधलेली आणखी एक हकीकत अधिक ओढून घेते. ती सुमारे दोनशे चाळीस वर्षे आधीची आहे. ती घडली समुद्राकाठी आणि तिचा शेवट झाला आमच्या या कोरड्या, पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखात.

१६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतले आणि निजामशाही संपल्यात जमा झाली. शहाजीराजांनी त्या घराण्यातील मुर्तजा नावाच्या लहान मुलाला पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे झुंज दिली. १६३६ मध्ये शहाजहान स्वतः दक्षिणेत आला. त्याने आदिलशहाशी तह केला आणि शहाजीराजांच्या मागे एकाच वेळी दोन फौजा लागल्या : मोगलांकडून खानजमान, विजापूरकडून रणदुल्लाखान. त्या वेळी शिवाजीराजे सहा वर्षांचे होते.

अशा वेळी लढणाऱ्या माणसाला स्वतःची चिंता कमी, मागच्या माणसांची अधिक असते. शहाजीराजे घाट उतरून कोकणात गेले आणि त्यांनी चौलच्या पोर्तुगीजांकडे सहकुटुंब आश्रय मागितला. गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरातील राज्यमंडळाचे ठराव पांडुरंग पिसुर्लेंकरांनी परिश्रमाने प्रसिद्ध केले. त्यामुळे या प्रकरणाची दुसरी बाजू आपल्याला समजते. निर्णय नकाराचा झाला.

रेवदंड्याला गेलो की ही मागणी किती शहाणपणाची होती, हे जागेवर कळते. एका अंगाला समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी, पलीकडे कोर्लईचा डोंगर. मोगलांचे घोडदळ या तटापर्यंत आले असते, तरी आतल्या माणसांना समुद्राची वाट मोकळी राहिली असती. डोंगरी किल्ल्याला वेढा पडला की धान्य संपते. बंदरातल्या किल्ल्याला गलबतांतून रसद मिळते. लेकराबाळांना चार महिने निवांत झोप मिळेल अशी ती जागा होती. आज तिथे तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि खरोखरच शांत वाटते.

पोर्तुगीजांना दोष देणे सोपे आहे. पण चारच वर्षांपूर्वी, १६३२ साली, शहाजहानच्या फौजेने बंगालमधले त्यांचे हुगळी ठाणे उद्ध्वस्त केले होते. पाहुण्यासाठी चौलचीही तीच गत करून घेण्याची त्यांची तयारी नव्हती, असे मला वाटते.

मग उरला माहुलीचा किल्ला. तिथे वेढा पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शहाजीराजांनी तह केला. त्यातले एक कलम वाचताना मी दर वेळी थांबतो. मुर्तजाला मोगलांच्या हवाली करावे लागले आणि त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. ज्याला स्वतः गादीवर बसवले, ते परक्याचे मूल द्यावे लागले, स्वतःचे वाचले. शहाजीराजांच्या मनावर याचा काय भार पडला असेल, हे कुठल्याही बखरकाराने लिहिलेले नाही. ज्यांच्या घरातले माणूस फौजेत आहे, त्यांना ते सांगावे लागणार नाही.

शहाजीराजे आदिलशाहीत गेले, कर्नाटकाच्या मोहिमेवर रवाना झाले. पण पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. पुढे जिजाबाई आणि शिवाजीराजे याच मुलखात राहिले. समुद्राने नाकारलेला निवारा त्यांना देशावर मिळाला. तोही कायमचा नव्हता. सुप्याचा कारभार सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडे होता. १६५६ मध्ये शिवाजीराजांनी सुपे ताब्यात घेतले आणि मोहित्यांना वडिलांकडे पाठवून दिले.

आपण शहाजीराजांचे मोजमाप बहुतेक वेळा निष्ठेच्या फुटपट्टीने करतो : निजामशाही, मोगल, आदिलशाही, कितीदा धनी बदलला? १६३६ चे ते महिने बापाच्या बाजूने वाचले, तर त्या हालचालींचा अर्थ लागतो. घाट, चौल, माहुली, तह हा सगळा प्रवास घरच्यांसाठी सुरक्षित छप्पर शोधणाऱ्या माणसाचा आहे.

शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. तेव्हा संभाजीराजे सात वर्षांचे होते. सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज यांना शह देणे हे त्या किल्ल्याचे राजकीय कारण सर्वांना ठाऊक आहे आणि ते खरेच आहे. त्याच्या शेजारी मी आणखी एक साधी गोष्ट ठेवतो. समुद्रात आता असा एक दरवाजा उभा राहिला, जो उघडायला भोसल्यांना कुणाची परवानगी लागणार नव्हती.