चकमकीतील काटेरी गोल

महसुली दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाने जीवाश्मांविषयी लिहावे, याचे वाचकांस कदाचित नवल वाटेल. परंतु नावे, शिवा आणि नोंदी यांतच आमची सारी सेवा गेली आणि ज्या जीवाश्माची हकीकत येथे सांगावयाची आहे, तिचा विषयही नेमका हाच आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका काटेरी गोलाचे कूळ आणि नाव निश्चित होण्यास सुमारे १३० वर्षे लागली. त्या निवाड्याचा हा इतिहास.

क्रिश्चन गोटफ्रीड एरेनबर्ग (१७९५–१८७६) हे बर्लिनचे विख्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १८२९ साली हुम्बोल्ट यांच्यासमवेत त्यांनी रशियाचा प्रवास केला होता. १८३६ च्या सुमारास त्यांनी चकमकीच्या दगडाच्या पातळ कपच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. खडूच्या थरांत सापडणारी ही चकमक म्हणजे साडेसहा ते दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा अवशेष. काचेसारख्या त्या कपचीत त्यांना मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढे गोल दिसले. गोलांवर सर्व बाजूंनी काटे होते आणि काट्यांच्या टोकांना फाटे फुटलेले होते. गोड्या पाण्यातील ‘झँथिडियम’ नावाच्या हिरव्या शैवालाशी त्यांचे साम्य वाटल्यामुळे एरेनबर्ग यांनी त्यांना त्याच प्रजातीत बसविले. त्यांतील एका जातीस त्यांनी ‘रामोसम’, म्हणजे ‘फांद्या असलेले’, असे विशेषण दिले. हे वर्णन १८३८ चे मानले जाते.

वर्गीकरण चुकले होते. समुद्रातील जीवांच्या सोबतीने सापडणारे हे गोल गोड्या पाण्यातील शैवालाच्या घरात नांदणे कठीण होते. ‘इग्वानोडॉन’ या प्रचंड डायनोसॉरचे १८२५ साली नामकरण करणारे इंग्रज डॉक्टर गिडिअन मँटेल यांनी ही विसंगती ओळखली आणि १८५० साली या गोलांसाठी ‘स्पिनिफेराइट्स’, म्हणजे ‘काटे धारण करणारे’, ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. मँटेल १८५२ साली निवर्तले. हे गोल कोणत्या जीवाचे, हे त्यांनाही उमगले नव्हते. पुढे त्यांनी दिलेले नाव जवळजवळ विस्मृतीत गेले.

१९३३ साली ओटो वेट्झेल या जर्मन संशोधकाने चकमकीतील हेच गोल पुन्हा अभ्यासिले आणि ‘हिस्ट्रिकोस्फेरा’ ही नवी प्रजाती निर्माण केली. ग्रीक भाषेत ‘हिस्ट्रिक्स’ म्हणजे साळिंदर. साळिंदरासारखा गोल, असे हे बोलके नाव विद्वानांत लवकरच रूढ झाले. फ्रान्समध्ये देफ्लांद्र आणि जर्मनीत आयझेनाक यांनी अशा असंख्य काटेरी जीवाश्मांची वर्णने केली. जो जो काटेरी गोल सापडेल तो तो साळिंदराच्या गटात, अशी काहीशी रीत पडली. गट फुगत गेला, पण त्यातील जीव कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

उकल १९६१ साली झाली. विल्यम एव्हिट या अमेरिकन संशोधकाने काट्यांच्या रूपापेक्षा त्यांच्या जागांकडे लक्ष वेधले. समुद्रात ‘डायनोफ्लॅजेलेट’ नावाचे एकपेशीय जीव असतात. त्यांना पोहण्यासाठी दोन कशाभिका असतात, आणि पुष्कळांचे कवच ठरावीक पट्टांचे बनलेले असते. त्यांतील काही जीव आयुष्याच्या एका टप्प्यावर टिकाऊ भिंतीची पुटी तयार करून तीत विसावतात. स्पिनिफेराइट्सचे काटे अशा पट्टांच्या शिवांवर उभे होते. तीन पट्ट जेथे मिळतात तेथील काट्यास तीन फाटे, दोन पट्टांमधील शिवेवरील काट्यास दोन फाटे, अशी ही रचना होती. ज्यांनी जमिनीची मोजणी पाहिली आहे त्यांस याचे मर्म सहज कळेल. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड आणि दोन गावांमधील दगड यांचे काम वेगळे असते. गावे नाहीशी झाली तरी जागेवर राहिलेल्या दगडांवरून त्यांचा नकाशा उभा करता येतो. येथे मूळचे कवच केव्हाच नष्ट झाले होते, पण त्याच्या शिवांचे दगड पुटीवर शिल्लक होते.

दुसरा पुरावा याहून बोलका होता. या गोलांच्या भिंतीत, ठरावीक जागी, एका पट्टाच्या आकाराचे भोक असते. ती मोडतोड नव्हे. तो आतील जीव बाहेर पडण्याचा दरवाजा होय. पुढे अमेरिकेतील वुड्स होल येथे डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी आजच्या समुद्रातील जिवंत पुट्या घेऊन त्या प्रयोगशाळेत उगवून दाखविल्या. स्पिनिफेराइट्सच्या घडणीच्या पुटीतून ‘गोनिऑलॅक्स’ हा पोहणारा डायनोफ्लॅजेलेट बाहेर आला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चकमकीतील गोलाचे सगेसोयरे आजही समुद्रात नांदत आहेत, हे यामुळे निर्विवाद झाले.

एव्हिट यांची आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. ज्या काटेरी गोलांवर पट्टांचा किंवा दरवाज्याचा पुरावा नव्हता, त्यांना त्यांनी ओढूनताणून डायनोफ्लॅजेलेटांत बसविले नाही. १९६३ साली त्यांच्यासाठी त्यांनी ‘ॲक्रिटार्क’, म्हणजे ‘ज्यांचे मूळ अनिश्चित’, असा वेगळा गट सुचविला. प्रकरण अनिर्णीत आहे, अशी प्रांजळ नोंद करण्याचे धैर्य फार थोड्या दप्तरांत आढळते.

आम्ही ते दाखविले नव्हते. सेवाकाळात नामांतरणाचे एक प्रकरण आमच्यासमोर आले. दख्खनमधून माळव्यात आलेल्या घराण्यातील एका वृद्ध विधवेचा जमिनीवर दावा होता. जुन्या कागदात तिच्या सासरचे आडनाव मूळ गावावरून पडलेले होते, तर नंतरच्या कागदांत तेच घराणे हुद्द्यावरून आलेल्या आडनावाने नोंदले गेले होते. दोन्ही नावे एकाच कुळाची, असे ती परोपरीने सांगत होती. आम्ही प्रचलित नाव खरे धरले, जुना कागद बाजूस ठेवला आणि फाइल निकालात काढली. काही वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी जुने रुमाल सोडले असता दोन्ही नावे एकत्र असलेली वंशावळ हाती लागली. तोवर ती बाई हयात नव्हती.

या पार्श्वभूमीवर आमच्या जीवाश्माच्या नावाचा निवाडा वाचताना आम्ही थबकलो. डायनोफ्लॅजेलेटांची नावे वनस्पतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामकरण-संहितेनुसार ठरतात, आणि तिचे प्रमुख तत्त्व म्हणजे अग्रक्रम: रीतसर प्रसिद्ध झालेले आधीचे नाव ग्राह्य. ‘हिस्ट्रिकोस्फेरा’ रूढ होते, सुबोध होते, शेकडो पानांत छापलेले होते. तरीही १८५० चे ‘स्पिनिफेराइट्स’ पुढे आले आणि १९७० साली विल्यम सार्जंट यांनी त्या प्रजातीची नव्याने व्याख्या केली. एरेनबर्ग यांचे कुळाविषयीचे अनुमान चुकले, मँटेल यांनाही कूळ कळले नाही, तरी दोघांचीही नोंद बुडाली नाही. आज ती जाती ‘स्पिनिफेराइट्स रामोसस’ म्हणून ओळखली जाते. तिच्यापुढे एरेनबर्ग यांचे नाव कंसात आणि मँटेल यांचे कंसाबाहेर लिहितात. आधी कोणी पाहिले आणि योग्य घरी कोणी नेले, हे दोन्ही त्या एका ओळीत नोंदलेले असते.

हे शक्य होते, कारण शास्त्रात नाव मताला बांधलेले नसते, नमुन्याला बांधलेले असते. आज नवी जाती स्थापन करावयाची तर खडक आम्लात विरघळवून पुट्या वेगळ्या काढतात, त्यांची मोजमापे घेतात, काटे, भिंत आणि दरवाजा यांचे वर्णन करतात आणि जवळच्या जातींहून ती कशी निराळी, हे सांगतात. जीवाश्म-जातीच्या नावासोबत चित्र देणे १९१२ पासून, तर एक नमुना नामाधार म्हणून नेमून देणे १९५८ पासून बंधनकारक आहे. मत बदलले तरी नमुना पुन्हा काढून पाहता येतो. आमच्या रुमालातील वंशावळीसारखाच तो असतो. फरक इतकाच, की तेथे तो कोठे ठेवला आहे हे सर्वांना ठाऊक असते.

गोव्याच्या वाचकांस हा विषय दूरचा नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर-हिरव्या उजळतात, त्यामागे ‘नॉक्टिल्युका’ हा डायनोफ्लॅजेलेटच असतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही भारतीय किनाऱ्यांवरील गाळातील पुट्यांचा अभ्यास केला आहे.

एक गमतीची गोष्ट राहिली. पोहणारा जीव गोनिऑलॅक्स आणि त्याची पुटी स्पिनिफेराइट्स, अशी दोन नावे अजूनही शास्त्रात सोबतच वापरली जातात. जीव एकच, हे सर्वांना मान्य आहे, पण दोन्ही नावांच्या मागे स्वतंत्र नोंदी आहेत आणि कोणी एकीसाठी दुसरी पुसून टाकलेली नाही. त्या वृद्ध बाईचे मागणे याहून अधिक काही नव्हते.