ओहमचा नियम

इस्त्रीच्या मागल्या पट्टीवर व्होल्टचा आकडा असतो, प्लगवर अँपिअरचा असतो, आणि मुलांच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ओहम भेटतो. ही तिन्ही माणसांची नावे आहेत. व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा आणि ओहम जर्मनीचा. यांपैकी ओहमची हकिकत मला अधिक जवळची वाटते. त्याच्या प्रयोगाला लागलेली दोन मुख्य साधने म्हणजे उकळते पाणी आणि वितळता बर्फ. आपल्यापैकी कोणालाही ती अनोळखी नाहीत.

जॉर्ज सायमन ओहम 1789 साली एर्लांगेन गावी जन्मला. बाप कुलपे तयार करणारा कारागीर, शाळा फारशी न शिकलेला. पण त्याने स्वतः पुस्तके वाचून गणित आत्मसात केले आणि मुलांना घरीच शिकविले. मुलगा दहा वर्षांचा असताना आई वारली. पुढे विद्यापीठात गेल्यावर चिरंजीव नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड यांतच रमले, तेव्हा बापाने संतापून त्याला तेथून काढले. (असे बाप सर्व देशांत असतात, हे वाचून मला बरे वाटले.) परंतु धातू हाताळण्याचे बापाचे कसब मुलाच्या हातात उतरले होते. 1817 पासून तो कलोन येथील शाळेत शिकवू लागला, तेव्हा प्रयोगांना ते उपयोगी पडले.

प्रश्न असा होता, की तारेतून वीज किती वाहते हे कशावर ठरते? गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. नळ जितका लांब व अरुंद तितकी अडचण. आणि बादलीत पडते ती धार. जोर म्हणजे विद्युद्दाब, अडचण म्हणजे रोध आणि धार म्हणजे प्रवाह. आज हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ओहमच्या वेळी मात्र दाब आणि प्रवाह हे वेगळे ओळखणेच कठीण होते, कारण ते निरनिराळे करून दाखविणारा प्रयोग हाताशी नव्हता.

1825 साली त्याने व्होल्टाच्या घटांवर प्रयोग केले. पण तो घट मोठा लहरी! मंडल जोडले की त्याचा जोर भराभर उतरे. प्रवाह कमी झाला तो तार लांब घेतली म्हणून की घट थकला म्हणून, हे कळणार कसे? तेव्हा पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला एक तोड सुचविली. बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे सांधे केले आणि एक सांधा तापवून दुसरा गार ठेवला, तर वीज वाहते, हे सेबेक याने 1821 साली दाखविले होते. ओहमने एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर ठेवला व दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ शिल्लक आहे तोवर दोन्हींचे तापमान ढळत नाही. म्हणून विजेचा जोरही ढळेना. मग त्याने सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा, 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंतच्या, एकेक करून मंडलात जोडल्या आणि वर टांगलेली चुंबकसूची किती वळते ते मोजले. तार जसजशी लांब तसतसा प्रवाह कमी, तोही अगदी हिशेबाने. नंतर त्याने दोन सांध्यांच्या तापमानांतला फरक कमी करून पाहिला. जोर उतरला, पण मंडलाचा रोध होता तेवढाच राहिला. माझ्या मते साऱ्या हकिकतीतला खरा क्षण हा. दाब एक आणि रोध दुसरा, हे येथे हाताने वेगळे करून दाखविले गेले. दाबाला रोधाने भागले की प्रवाह येतो, हा तो नियम.

हा भागाकार आपल्याही जिवाशी निगडित आहे. घरात येणारा दाब 230 व्होल्ट. कोरड्या, निबर कातडीचा रोध लाखभर ओहमही असू शकतो. ओल्या हाताचा तो हजारापर्यंत उतरतो. 230 ला हजाराने भागा, म्हणजे पाव अँपिअरच्या जवळपास प्रवाह येतो, आणि तेवढा हृदय बंद पाडायला पुरेसा आहे. घरातली वीज तीच, बटण तेच. फरक फक्त पाण्याचा. कोरड्या हाताच्या भरवशावरही कोणी राहू नये, घाम आला की तो हिशेब बदलतो.

1827 साली बर्लिनमध्ये ओहमचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते लिहिण्यासाठी त्याने अर्ध्या पगारावर वर्षाची रजा काढली होती आणि त्यावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याची आशा होती. पुस्तकाचे स्वागत थंडे झाले. विजेच्या विषयात एवढे गणित अनेकांना रुचले नाही. 1828 साली त्याने नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काढली. 1833 साली न्यूरेंबर्गला तंत्रशाळेत जागा मिळाली. परदेशातून मान मिळाला : 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. तारायंत्राच्या लांबच लांब तारा टाकायच्या, तर हा हिशेब टाळून चालण्यासारखे नव्हते! म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते 1852 साली, वयाच्या 63 व्या वर्षी. आणि 1854 साली तो वारला.

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही मापे सर्व राष्ट्रांसाठी एकत्र मान्य झाली ती 1881 साली, पॅरिसच्या विद्युत् परिषदेत.