पिंपरीचे पेनिसिलिन आणि सांडपाण्याची कसोटी

पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ साली झाली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य या उपक्रमास लाभले होते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासात या घटनेला मानाचे स्थान दिले जाते व ते यथार्थच आहे. परंतु औषध तयार झाल्यावर आणि सेवन केल्यावर जो अंश पाण्यात उरतो, त्याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार केला आहे.

पेनिसिलिन बुरशीपासून मिळते. किण्वनाच्या टाकीतील द्रवातून औषध काढून घेतले की बुरशीचा चोथा व सेंद्रिय द्रव्यांनी युक्त असे पाणी मागे राहते. असे पाणी नदीत गेल्यास ती द्रव्ये खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतात. या खर्चावरून सांडपाण्याची प्रत ठरविण्याची कसोटी ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ साली प्रमाण मानली. पुढे १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धत मांडली. आजही आपली बहुतेक शुद्धीकरण केंद्रे याच दोन गोष्टींवर उभी आहेत. फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला तो १९२८ साली. म्हणजे कसोटी आधी ठरली आणि प्रतिजैविके नंतर आली, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

प्राणवायूच्या या कसोटीस उतरलेले पाणी औषधमुक्त असतेच असे नाही, कारण औषधांचे प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये वा त्याहूनही कमी असू शकते. शिवाय प्रत्येक औषधाची गती निराळी असते. पेनिसिलिनचे वलय पाण्यात तुलनेने सहज फुटते. सिप्रोफ्लॉक्सासिन गाळास चिकटते, त्यामुळे ते पाण्यातून जाते, पण गाळात राहते. डायक्लोफेनॅक अंशतःच नाहीसे होते, तर अपस्मारावरील कार्बामाझेपिन जवळजवळ तसेच बाहेर पडते. अशा द्रव्यांसाठी ओझोन वा सक्रिय कोळसा यांची जोड द्यावी लागते. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांवर असा अधिक टप्पा आवश्यक केला. मात्र ओझोनास वीज लागते व कोळसा वेळोवेळी बदलावा लागतो.

हा प्रश्न केवळ कारखान्यांचा नाही. सेवन केलेल्या औषधाचा काही भाग मूत्रावाटे बाहेर पडून घरोघरच्या मैलापाण्यात मिसळतो. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते, चाकणच्या दक्षिणेकडून वाहणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते आणि दोहींचे पाणी अखेर उजनीच्या जलाशयात जाते. वरच्या गावाचे सांडपाणी हे खालच्या गावाचे पाणी होते.

धोका कोणता, हे फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सुचविले होते. अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत, उलट औषधास दाद न देणारे होतात. तेलंगणातील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. आपला जलप्रदूषण कायदा १९७४ चा. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला, परंतु २०२१ च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा आल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरील मार्गदर्शिका २०२४ साली प्रसिद्ध केली.

१९५५ साली पिंपरीने देशाला जे दिले त्याचे मोल, ते औषध जोवर गुणकारी आहे, तोवरच टिकेल. जे मोजले जात नाही त्याचे निवारणही होत नाही. म्हणून १९१२ च्या कसोटीशेजारी औषधांशांची नवी कसोटी ठेवणे हे या परिसराच्या इतिहासातून निघणारे पहिले कर्तव्य होय.